ट्रे रिकामा होता, सिम आतच होतं

जुना फोन ११,५०० रुपयांना विकला आणि त्यापायी १,०३,३०० रुपये घालवले. आकडे आधीच लिहितोय, म्हणजे कुणाला अंदाज बांधत बसायला नको. आणि हो, ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही. हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की आता घरचेही नुसती मान हलवतात.

पाडव्याच्या ऑफरमध्ये नवीन फोन घेतला. जुना आदल्या दिवशीच, शनिवारी, नाशिकमध्ये एका सेकंडहँडवाल्याला दिला. माझे नंबर दोन. रोजचा प्लास्टिकच्या सिमवर, आणि बँकेला-आधारला जोडलेला ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच बसवलेल्या, बाहेर न निघणाऱ्या सिमवर. ई-सिम का, तर दोन वर्षांपूर्वी मोबाईल कंपनीच्या गॅलरीतली (दुकानातली) मुलगी म्हणाली होती, "सर, फोन चोरीला गेला तरी चोराला हे काढता येत नाही." बरोबरच बोलली बिचारी. त्याला काढायचं नव्हतंच.

काउंटरवर मी पिन टोचून ट्रे काढला, सिम पाकिटात टाकलं, ट्रे परत आत ढकलला. आणि बघतो तर स्क्रीनच्या कोपऱ्यात टॉवरच्या चार काड्या तशाच उभ्या. सिम माझ्या पाकिटात आणि फोनला रेंज! तिथेच हात आवरायला हवा होता. मी विचारलंसुद्धा, "अरे, रेंज कशी काय दाखवतोय?" पोरगा म्हणाला, "काका, रिसेट मारला की जातं ते." मी ४१ वर्षांचा आहे. काका म्हटल्याचा राग आला आणि रेंजचं राहून गेलं. खोटं सांगत नाही, अगदी हेच झालं.

लॉक मी उघडून दिला, रिसेट त्याने मारला, फोन स्वतःकडे वळवून. बऱ्याच फोनमध्ये रिसेटच्या पानावर 'ई-सिमही पुसायचं का' अशी वेगळी चौकट असते. तिथे टिक केली नाही तर फोटो, कॉन्टॅक्ट सगळं जातं आणि ई-सिम जागच्या जागी राहतं. मला ठाऊक नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांना होतं, छातीवर हात ठेवून सांगा.

वर पावतीसाठी आधारची झेरॉक्स मागितली, चोरीचा फोन नाही याचा पुरावा म्हणून. मी दिली, सहीही ठोकली. मास्क्ड आधार द्या हो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात! यूपीआय पिन नव्याने लावायला हल्ली डेबिट कार्डच लागतं असं नाही, आधारचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी पुरतात. आकडे झेरॉक्सवर, ओटीपी त्याच फोनवर.

रविवारी गेले ४,९००, कारण नवीन यूपीआयला पहिले २४ तास ५,००० च्या वर जाता येत नाही. केवढा धीर बघा. सोमवारी ४८,५०० आणि ४९,९००. यूपीआयची दिवसाला लाखाची मर्यादा त्याला माझ्यापेक्षा चांगली पाठ. बँकेचे मेसेजही तिकडेच जात होते. तो नंबर नव्या फोनवर सोमवारी गॅलरीत जाऊन घेणार होतो, पण ऑफिसात मार्चअखेर. मंगळवारी आईच्या औषधांसाठी एटीएमवर गेलो तर शिल्लक २,११७.

दुकानदार म्हणतो फोन त्याच दिवशी पुढे गेला, आणि पोरगा काम सोडून गेला.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. तो घेऊन पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी एका टेबलावर म्हणाले दुकान ज्या हद्दीत तिकडे जा, तिकडचे म्हणाले पैसे गेलेत म्हणजे हे सायबरचं. तिसऱ्या दिवशी एका हवालदाराने आपादमस्तक बघून विचारलं, "शिकलेले दिसता, मग?" त्या 'मग'ला काय उत्तर देणार?

बँकेत मॅनेजरबाईंनी रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक पुढे सरकवलं. निष्काळजीपणा ग्राहकाचा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. अहो, पण मी पिन सांगितला नाही, पासवर्ड सांगितला नाही! "सिम दिलंत ना." ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेची, हेही त्याच परिपत्रकात आहे. ते मी दाखवलं तेव्हा बाईंची जेवणाची वेळ झाली.

मोबाईल कंपनीची तऱ्हा याहून न्यारी. नंबर बंद करायला ४० मिनिटं. नवीन सिम हातात दिलं आणि म्हणाले, सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद, फसवणूक होऊ नये म्हणून! ज्याने काहीच बदललं नाही त्याला ओटीपी धडाधड, आणि नंबर ज्याच्या नावावर तो दिवसभर दाराबाहेर.

*#०६# दाबा. यादीत ३२ आकडी ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) दिसला तर तुमच्या फोनमध्येही ई-सिमची सोय आहे. सेटिंगमध्ये ई-सिम नुसतं बंद करणं म्हणजे काढणं नव्हे, डिलीटच करायचं. पण आधी नंबर नव्या फोनवर घ्या, नाहीतर ई-सिम बसवायच्या नव्या क्यूआर कोडसाठी पुन्हा गॅलरीच्या पायऱ्या झिजवाल. आणि रिसेट स्वतः मारा, घरी बसून.

ज्यांनी नुकताच फोन विकलाय, त्यांनी आत्ता आपल्याच दुसऱ्या नंबरवर फोन लावून बघा. मी त्या मंगळवारी एटीएमच्या बाहेर उभा राहून लावला होता. रिंग गेली. दोनदा पूर्ण वाजली, तिसऱ्यांदा कुणीतरी कट केली.