ब्रेकचं काम बिलात झालं, चाकात नाही

वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून ब्रेकचं काम कुणाकडे देणार असाल, तर हे आधी वाचा. माझ्या बाबतीत जे झालं ते जिवावर बेतलं असतं.

माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलची लाइन, चारही चाकांना मिळून एकच. म्हणजे एका चाकाकडे बिघाड झाला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणूनच काम नीट समजावून दिलं होतं: जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढायचं, व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ड्रममधले ब्रेक शू बाहेर ढकलणारे) उघडून आतले रबराचे वॉशर बदलायचे, मग चारही चाकांची एअर, म्हणजे लाइनमध्ये अडकलेली हवा, काढायची. गाडी परत मिळाली तेव्हा पेडल कडक, ब्रेक ऑइलच्या टाकीत स्वच्छ सोनेरी ऑइल, आणि काढलेले जुने वॉशर पिशवीत घालून दिलेले.

पहिल्याच लांब उतारावर पेडल तळाला गेलं. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी कडेला घेतली. हँडब्रेक वेगळ्या केबलवर चालतो म्हणून वाचलो. मागचे ड्रम इतके तापले होते की जवळ हात नेववत नव्हता.

दुसऱ्या मेकॅनिकने चाकं काढली. मागच्या डाव्या चाकाचं निपल, म्हणजे जो स्क्रू सैल करून एअर आणि जुनं ऑइल बाहेर काढतात तो, गंजाने आणि वाळलेल्या चिखलाने बुजलेलं. पाना लागला असता तर षटकोनाच्या कडांवरचा गंज तरी खरवडला गेला असता. तिथे एक ओरखडा नव्हता. गंजावरचं तेल मुरवून, हलक्या हाताने ते सोडवलं, तेव्हा पारदर्शक नळीतून काळपट, गढूळ ऑइल आलं. बाकीच्या तीन चाकांचीही तीच कथा.

म्हणजे पिचकारीने फक्त टाकीतलं ऑइल ओढून नवं ओतलं होतं. आणि पेडल कडक लागावं म्हणून शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारे अ‍ॅडजस्टर गच्च आवळले होते. अ‍ॅडजस्टमेंट एअर काढण्याआधी करावीच लागते, पण त्यानंतर चाक मोकळं फिरलं पाहिजे. इथे शू ड्रमला सतत घासत होते. ती उष्णता सिलिंडरपर्यंत गेली आणि आतलं ऑइल उकळलं. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं कोरडं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत न उकळता टिकतं, ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते, आणि माझ्या चाकांतलं ऑइल तर किती वर्षांचं होतं कोण जाणे. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पेडल खाली जाण्याचं कारण हेच. ज्या युक्तीने मला फसवलं, तिनेच ब्रेक घालवला. याचा मला आजही संताप येतो.

पिशवीतले वॉशर माझ्या सिलिंडरमध्ये बसतच नव्हते, मोठे होते. दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचे. बिलात ‘पूर्ण फ्लश’ आणि ऑइल पाव लिटर! सगळी लाइन धुऊन निघायला साधारण अर्धा ते एक लिटर लागतं.

काम चालू असताना तिथे उभं राहायचा आग्रह धरा. सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडू द्या. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. प्रत्येक निपलला नळी लावून स्वच्छ ऑइल येईपर्यंत थांबा. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवायला सांगा. एरवी कमी वापरात येणाऱ्या टोकाला मास्टर सिलिंडर आतून गंजलेला असू शकतो, पेडल तळापर्यंत मारलं की तिथे रबराची कड फाटू शकते. शेवटी चाकं उचलून हाताने फिरवून बघा.

गॅरेजवाल्याला फोटो दाखवले, तर म्हणाला, “जुन्या गाड्यांत असं होतंच.” पैसे त्याने परत केले नाहीत. निपलचे फोटो, ते वॉशर आणि बिल जोडून मी ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे.