एनईएसचा एम्युलेटर तपासायचा कशानं: टेस्ट रॉम की टास?

सांगलीत विश्रामबागच्या खोल्यांवर फायनल इयरसाठी एनईएस या निन्टेंडोच्या जुन्या गेम कन्सोलचा एम्युलेटर, म्हणजे त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतलेल्यांची गाडी इथंच अडते. मारिओ पळतोय, पण बरोबर पळतोय का? टेस्ट रॉम, म्हणजे एम्युलेटरची चूक पकडणारा छोटा प्रोग्रॅम लावायचा, की टास, म्हणजे फ्रेमवार रचलेल्या बटणांची फाइल?

प्रोसेसर कच्चा असेल तर टासच्या नादी लागू नका. 'नेसटेस्ट' हा टेस्ट रॉम चालवा, त्याच्या बरोबर उत्तरांच्या लॉगशी तुमचा लॉग ओळ न ओळ ताडा. पहिला फरक दिसेल तिथंच चुकलेली सूचना सापडते. मग ब्लार्ग या प्रोग्रॅमरचे टेस्ट रॉम. इतकं नेमकं उत्तर टास देत नाही.

टासची खरी ताकद लांब पल्ल्यात. काम आटपलं नाही की गेम त्या फ्रेमला कंट्रोलर वाचतच नाही, ही लॅग फ्रेम. तुमच्याकडं अशी एक फ्रेम जास्त पडली की पुढची सगळी बटणं सरकतात आणि मारिओ खड्ड्यात. पीपीयू, म्हणजे चित्र काढणारी चिप, सीपीयूच्या तिप्पट वेगानं चालतो; हा मेळ किंचित चुकला तर छोट्या टेस्टमधून निसटेल, अर्ध्या तासाच्या टासमधून निसटणं अवघड. पण बोंब होते ती चुकीच्या बऱ्याच नंतर, आणि माग तुम्हीच काढायचा. शिवाय रंग चुकले, आवाज फाटला तरी टास खुशाल शेवटपर्यंत जातो.

'सुपर मारिओ ब्रदर्स'चा टास वॉर्प झोनमधून, म्हणजे लेव्हल गाळणाऱ्या चोरवाटेनं, पाच मिनिटांच्या आत संपतो, कॅसेटमध्ये मॅपर, म्हणजे मेमरी बदलून देणारी जादा चिपही नाही. तो पास झाल्याचे पेढे वाटू नका. तिसऱ्या भागात एमएमसी३ हा मॅपर आहे, तिथं कस लागतो.

फाइल खऱ्या कन्सोलवर चालवून पाहिलेलीच घ्या. नाहीतर दुसऱ्या एम्युलेटरच्या चुकांशी जुळवत बसाल. एनटीएससीची, म्हणजे अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीची घ्या, सेकंदाला ६०.१ फ्रेमची. आपल्या पाल टीव्हीवरच्या जुन्या कॅसेटवाल्या गेमचा ५० चा हिशेब इथं चालत नाही. सुरुवातीला २ केबी रॅममध्ये काय भरलेलं धरलंय तेही बघा, काही गेम त्यावरच बिथरतात.

माझा कौल: टेस्ट रॉम हिरवे होईपर्यंत टास नको, नंतर प्रत्येक बदलानंतर रात्री चार-पाच टास लावून झोपा. एसएनईएसला, म्हणजे एनईएसच्या पुढच्या कन्सोलला मात्र हे जसंच्या तसं लावू नका. त्याच्या आवाजाच्या चिपचं घड्याळ वेगळं, त्यामुळं खरं मशीनही दर वेळी तंतोतंत तसंच चालेल याची खात्री नसते.