वही नसलेली बालवाडी: नऊ महिन्यांनंतर

लेकीला जूनमध्ये घातलं तेव्हा ती ३ वर्षं ४ महिन्यांची होती, आता मार्च चालू आहे. प्रवेश घेण्याआधी मी बऱ्याच जणांना विचारलं होतं की वही-पेन्सिल नाही म्हणता, मग मुलं तीन तास करतात तरी काय? "खेळतात" यापलीकडे कुणी काही सांगेना. म्हणून जरा सविस्तर लिहिते. शाळेचं नाव देत नाही, कारण तक्रारीही आहेत.

वेळ साडेनऊ ते साडेबारा. गेल्या गेल्या चपला रांगेत, डबा फळीवर, मग तासभर ठोकळे, भातुकली, माती, वाळू, ज्याला जे हवं ते. मग गोल करून गाणी, डबा, मैदान आणि शेवटी गोष्ट. हा क्रम बदलत नाही. मला सुरुवातीला हे जरा सरकारी वाटलं. एकीकडे मुक्त खेळ म्हणायचं आणि दुसरीकडे घंटा वाजवायची! लेक पहिले अकरा दिवस रडली. बाराव्या दिवशी फाटकाशी रडता रडताच म्हणाली, "गोष्ट झाली की तू येतेस." घड्याळ तिला कळत नाही, पण गोष्टीनंतर आई येते एवढं पक्कं कळलं होतं. त्या दिवसापासून रडं उतरलं. माझ्या मते या शाळेत पैसे मोजावेत ते या क्रमासाठी, खेळणी नंतर.

खेळण्यांत तसं महागडं काही नाहीच. चिंचोके, शिंपले, करवंट्या, बाटल्यांची झाकणं, जुन्या साड्यांचे तुकडे. पहिल्या पालकसभेत ताईंनी बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांचं सांगितलं. १९४५ साली त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या, माँटेसरी पद्धतीची विकतची साधनं तिथे परवडणारी नव्हती, तर आसपास मिळणाऱ्या बिया-शंख-शिंपल्यांवर काम चालवलं. आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, "मग अंगणवाडीतच घालायचं होतं की, ४२ हजार कशाला भरले?" याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

त्यांचा खरा प्रश्न वहीचा होता. समोरच्या फ्लॅटमधला मुलगा हिच्याच वयाचा, तो पन्नासपर्यंत आकडे लिहितो. ऑगस्टमध्ये माझाही धीर सुटला. पाटी आणली, 'अ' गिरवायला बसवलं. तीन दिवसांनी पाटी दिसेना. दिवाळीच्या साफसफाईत सोफ्याखाली सापडली. मधल्या काळात मी घरात २०२०चं शैक्षणिक धोरणसुद्धा वाचून दाखवलं, की ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, खेळातून शिकण्यावर भर आहे वगैरे. परिणाम शून्य.

सासूबाई बदलल्या त्या मटारमुळे. जानेवारीत आम्ही दोघी सोलत बसलो होतो आणि लेक चार वाट्या मांडून दाणे वाटत होती. आजोबांना एक, आजीला एक, आईला एक, बाबाला एक. परत तसंच. नऊ दाणे होते, एक उरला. तिने तो चारही वाट्यांवर फिरवला, जरा थांबली आणि तोंडात टाकला. "उरला तो वाटणाऱ्याचा." सासूबाईंनी मालिकेचा आवाज बंद केला. "हे कुणी शिकवलं गं?" "कुणी नाही. आम्ही चिंचोके वाटतो ना." वहीचा विषय त्यानंतर निघालेला नाही. निदान माझ्यासमोर तरी.

घरीही मी शाळेसारखा ठरलेला क्रम लावून बघितला. आधी फ्रिजवर चित्रांचा तक्ता लावला: ब्रश, दूध, अंघोळ. दहा दिवसांत त्याकडे बघणं बंद, मग दूध सांडून तो फाटला. टिकला फक्त रात्रीचा क्रम: आवरायचं गाणं, जेवण, दात, गोष्ट, दिवा बंद. झोप पावणेअकराला लागायची, आता साडेनऊला लागते. लग्नसराईत आठवडाभर सगळं कोलमडलं होतं. आणि दुपारी चारनंतर डोळा लागला तर त्या रात्री काही खरं नाही.

आता तक्रारी. पावसाळ्यात वाळू बंद, मैदान बंद, एका खोलीत बावीस मुलं. जुलैत लेक दंडावर दातांचे वण घेऊन आली आणि मी विचारल्यावरच शाळेने सांगितलं. उवा दोनदा झाल्या. गेरूचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, जुनेच कपडे घाला.

खरा राग आला तो स्नेहसंमेलनाचा. दिवाळीनंतर जुन्या ताई सोडून गेल्या, आम्हाला कळलं ते नव्या ताई दारात दिसल्यावर. त्यांनी जानेवारीत नाचाची तालीम सुरू केली आणि तीन आठवडे गोष्टीला कात्री लावली. पहिल्याच दिवशी मी घ्यायला गेले तर लेक माझ्याकडे बघतच राहिली. "आज गोष्ट नाही झाली, मग तू कशी आलीस?" दुसऱ्या दिवशी फाटकाशी पुन्हा जूनसारखं रडं. मी कार्यालयात जाऊन भांडले. ताई म्हणाल्या, नाचही खेळच आहे. मला नाही पटलं. रांगेत उभं राहून तीच चार पावलं पंचवीसदा टाकायची, यात मुलाच्या मनाचं काय? गोष्ट परत आली ती फेब्रुवारीत, संमेलन झाल्यावर.

आज तिला एकही अक्षर लिहिता येत नाही. खुंटीवरचं स्वतःचं नाव ओळखते, फ्रॉकची बटणं स्वतः लावते, डबा पुसून परत आणते, आणि भांडण झालं तर मारण्याआधी एकदा तरी बोलून बघते.

पुढच्या वर्षीची फी ४६ हजार. फॉर्म भरलाय. भरताना ताईंना एकच विचारलं, संमेलनाच्या दिवसांत गोष्ट राहणार का? "बघू" म्हणाल्या.