बीडब्ल्यूए ०.७.१७: कंटेनरमध्ये ठेवावे की बदलावे?

जळगाव-धुळ्याच्या ज्या लॅबमध्ये डीएनएचे रीड (मशीनने वाचलेले छोटे तुकडे) संदर्भ जीनोमशी जुळवायला अजून बीडब्ल्यूए ०.७.१७ हा प्रोग्राम आहे, तिथे त्यातल्या सुरक्षेच्या दोषावर दोन सल्ले मिळतात: जुनेच कंटेनरमध्ये (बाकीच्या मशीनपासून अलग ठेवलेल्या जागेत) चालवा, नाहीतर नवे घाला. माझे मत नव्याच्या बाजूचे आहे.

बीडब्ल्यूए सी भाषेतले. संदर्भ जीनोमच्या इंडेक्सशेजारी ऑल्ट फाइल (जीनोमच्या पर्यायी सीक्वेन्सची यादी) असली की ते ती आपोआप उघडते आणि सीक्वेन्सचे नाव एकेक अक्षर करत १०२४ बाइटांच्या जागेत भरते. मूळ ०.७.१७ मध्ये जागा संपली का, हे तपासलेच जात नाही. नाव लांबले की पुढची अक्षरे स्टॅकवर, म्हणजे प्रोग्रामच्या चालू कामाच्या मेमरीत, सांडतात. फाइल मुद्दाम तशी बनवली असेल तर हल्लेखोराचा कोड चालू शकतो. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या संशोधकांनी शोधलेल्या या दोषाची सीव्हीई या सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीतली २०१९ मधली नोंद सीव्हीई-२०१९-१०२६९. ऑल्ट फाइलकडे दुर्लक्ष करायला सांगणाऱ्या ‘-जे’ पर्यायावर विसंबू नका: फाइल आधी वाचली जाते, दुर्लक्ष नंतर होते.

तुम्ही रावेर-यावलच्या केळीवर किंवा कापसावर काम करत असाल, तर ऑल्ट फाइल सहसा लागतच नाही. ती मुख्यतः मानवी जीनोमसाठी. आयता इंडेक्स उतरवला असेल तर फोल्डर बघा, असल्यास काढून टाका. मग बदल सवडीने केला तरी चालेल.

नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या नमुन्यांचे तसे नाही. तिथे हिमोग्लोबिनच्या एचबीबी जनुकात जीएजीच्या जागी जीटीजी आले का, एवढ्या एका अक्षरावर निदान ठरते. कंटेनर बाकीचे मशीन वाचवेल, पण रीड आणि निकाल आत द्यावेच लागतात. ते कोणी गुपचूप बदलले तर कंटेनर काय करणार? इथे नवे घ्याच, आणि कंटेनरही ठेवा.

दुरुस्ती मूळ कोडमध्ये २०१९ लाच आली, पण ०.७.१८ निघाले २०२४ मध्ये. लिनक्स वितरक जुन्या क्रमांकातच दुरुस्ती घालतात, म्हणून पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) वाचा. चालू प्रकल्पात एक नमुना दोन्हींवर चालवून निकाल ताडून बघा, मगच पुढचे घ्या.

असे मेमरीचे दोष टाळणाऱ्या रस्ट भाषेत जायचे म्हणत असाल, तर रस्ट-एचटीएसलिब या लायब्ररीच्या पोटात सीच आहे. नूडल्स ही लायब्ररी पूर्ण रस्टमधली, पण ती फाइली वाचते-लिहिते. रीड जुळवायला दुसरे काहीतरी लागेलच.