सातवी आसरा कुठंय? माझे ६५० पौंड कसे गेले

मँचेस्टरकडचे कोणी असाल आणि जुन्या चित्रांचा किडा असेल तर वाचाच.

इथल्या आर्ट गॅलरीत चित्रकार वॉटरहाऊसचं १८९६ सालचं 'हायलास अँड द निम्फ्स' आहे. हर्क्युलिसचा कोवळा साथीदार हायलास तळ्यावर पाणी भरायला जातो आणि जलपऱ्या त्याला आत ओढतात, ती ग्रीक गोष्ट. पऱ्या सात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं अरे या तर आपल्या साती आसरा, आजी भर दुपारी विहिरीकडे फिरकू द्यायची नाही ती यांच्याच धाकानं. तेव्हापासून हे चित्र घरात पाहिजे असं खूळ बसलं.

मग ऑनलाइन जाहिरात दिसली, 'व्हिक्टोरियन काळातली हाताने केलेली कॉपी, ऑइल ऑन कॅनव्हास'. बघायला गेलो तर संध्याकाळ, गॅरेज, एक पिवळा बल्ब. टवके उडालेली सोनेरी फ्रेम, मागून कॅनव्हास तपकिरी, बोट फिरवलं तर ब्रशचे उंचवटे लागतायत, बारीक तडेसुद्धा. वर गडी सांगतोय की २०१८ ला गॅलरीनं मूळ चित्र आठवडाभर उतरवलं, गाजावाजा झाला, तेव्हापासून याला मागणी आहे. उतरवल्याचं खरं होतं म्हणून बाकीचंही खरं वाटलं. ९०० चे ६५० केले, तिथल्या तिथे बँक ट्रान्सफर. घासाघीस केली याचाच केवढा आनंद!

सकाळी खिडकीतल्या उजेडात धरलं आणि पोटात गोळा आला. ब्रशचे फटकारे चित्राला धरून नव्हतेच, एक फटकारा केसांतून निघून नाकावरून थेट कमळाच्या पानावर, गाल गोल आणि फटकारा सरळ, असं कोण रंगवतं? फ्रेमवाल्याकडे नेलं, त्यानं भिंग लावून शाईचे ठिपके दाखवले. म्हणजे कॅनव्हासवर प्रिंट, वरून पारदर्शक जेल फासलेलं. तडे बोटाला लागतच नव्हते, छापलेले, अंधारात मीच लावून घेतले. मागच्या लाकडी पट्टीखाली कॅनव्हास पांढराफटक, तपकिरी रंग बाहेरून चढवलेला.

मग पऱ्या मोजल्या. सहा, आणि सातवीचं कोपर. मूळ चित्र साधारण ९८ बाय १६३ सेंमी, चांगलं लांबट, याची फ्रेम जवळजवळ चौकोनी, म्हणून कडेनं कापलं. मोबाइलवर मूळ चित्र उघडून शेजारी धरलं असतं तर गॅरेजमध्येच कळलं असतं, पण मी टॉर्चसुद्धा तिरका मारून बघितला नाही.

विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर एकच, बघून घेतलंत ना. मग ब्लॉक. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. दुकानातून क्रेडिट कार्डावर घेतलं असतं तर १०० पौंडांच्या वरच्या खरेदीला कार्ड कंपनीकडे दाद मागता येते, इथे तीही सोय नाही.

फ्रेमवाला फ्रेमचे ४० देतो म्हणालाय. बायको येताजाता विचारते, सातवी आली का बाहेर?