थायलंडमध्ये मुक्काम वाढवताना: पासपोर्ट एजंटच्या हातात देऊ नका

पटाया, फुकेत, बँकॉकमध्ये मुक्काम वाढवू पाहणाऱ्या भारतीयांना गंडवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. हॉटेलखाली किंवा व्हॉट्सॲपवर कुणीतरी गाठतो, हिंदीत बोलतो. "इमिग्रेशनमध्ये आपली ओळख आहे. रांगेत कशाला उभे राहता? पासपोर्ट द्या, दोन दिवसांत शिक्का मारून आणून देतो." सहा-सात हजार बाट सांगतो, त्यातले अर्धे आगाऊ घेतो. पासपोर्ट परतही येतो आणि आत शिक्का असतो. परतीच्या दिवशी विमानतळावर अधिकारी पासपोर्ट स्कॅन करतो, तेव्हा कळतं की संगणकात मुदतवाढीची नोंदच नाही.

जादा राहिल्याचा दंड दिवसाला 500 बाट, जास्तीत जास्त 20,000. पण पैशांवर भागत नाही. बनावट शिक्का बाळगणं आणि दाखवणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे आणि शिक्का ज्याच्या पासपोर्टात, चौकशी त्याचीच होते. एजंटचा फोन तोवर बंद झालेला असतो. काही जण तर पासपोर्ट अडकवून ठेवतात आणि "साहेब जास्त मागतायत" म्हणत आणखी पैसे उकळतात.

संताप येतो तो यासाठी की खरं काम सरळ आणि स्वस्त आहे. सरकारी फी 1,900 बाट, रोख. अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाही. टीएम 7 हा फॉर्म, 4 बाय 6 सेंटिमीटरचा एक फोटो, पासपोर्टच्या फोटोच्या पानाची आणि शेवटच्या प्रवेश शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स, व्हिसा असेल तर त्याही पानाची. प्रत्येक झेरॉक्सवर स्वतःची सही करा. बँकॉकमध्ये चेंग वत्थनाच्या सरकारी संकुलात जायचं, पटायात जोमतिएनच्या कार्यालयात. शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्यांना कार्यालय बंद असतं. एप्रिलमध्ये सोंगक्रानची, म्हणजे थाई नववर्षाची सुट्टी असते, तेव्हा मुदत त्याच दिवसांत संपत असेल तर आधीच जाऊन या. आठवडाभर आधी गेल्याने दिवस बुडत नाहीत, कारण वाढीव 30 दिवस जुन्या मुदतीच्या पुढे मोजले जातात.

लोक अडतात ते टीएम 30 वर, म्हणजे पाहुणा कुठे मुक्कामाला आहे याच्या खबरेवर. परदेशी पाहुणा उतरल्यापासून 24 तासांत घरमालकाने किंवा हॉटेलने इमिग्रेशनला ती खबर द्यायची असते. हॉटेलं बहुधा देतात. ॲपवरून घेतलेल्या फ्लॅटचा मालक मात्र हमखास विसरतो, आणि काउंटरवरून माणूस हात हलवत परत येतो. एजंटला गिऱ्हाईक सापडतं ते अशाच वेळी. म्हणून फ्लॅटची चावी हातात घेतानाच टीएम 30 ची पावती मागा. मालक टाळाटाळ करत असेल तर तो फ्लॅट सोडा.

खोटा शिक्का नजरेने ओळखू येईलच असं नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. खात्रीची खूण एकच: पर्यटकाच्या मुदतवाढीसाठी अर्जदाराने स्वतः काउंटरवर हजर राहावं लागतं. तुमच्याशिवाय काम होईल असं म्हणणारा एक तर खोटं बोलतोय, नाहीतर बेकायदा काहीतरी करतोय. फॉर्म भरून देण्याचे शे-दोनशे बाट कुणी घेतले तर हरकत नाही, पण पासपोर्ट तुमच्याच हातात राहू द्या.

मुदत मोजताना थायलंडमध्ये उतरल्याचा दिवस पहिला धरा. 15 जुलै 2024 पासून भारतीयांना व्हिसाशिवाय 60 दिवस मिळू लागले, पण असे नियम बदलत असतात. ऐकीव आकड्यापेक्षा आपल्या शिक्क्यावरची तारीख वाचा. आणि मुदतवाढ मिळाल्यावर मधेच व्हिएतनाम किंवा कंबोडियाला जायचं असेल तर निघण्याआधी पुनर्प्रवेशाचा परवाना काढा (एका वेळेचा 1,000 बाट), नाहीतर वाढवलेली मुदत रद्द होते.

पासपोर्ट आधीच एजंटकडे गेला असेल तर वाट पाहत बसू नका. टुरिस्ट पोलिसांना 1155 वर फोन करा, तिथे इंग्रजी चालतं. भारतीय पासपोर्ट कायद्याने भारत सरकारची मालमत्ता असतो, त्यामुळे बँकॉकच्या भारतीय दूतावासालाही लगेच कळवा. शिक्का मारून पासपोर्ट परत आला असेल आणि मूळ मुदत अजून संपली नसेल, तर तो घेऊन थेट इमिग्रेशन कार्यालयात जा, नोंद झाली आहे का ते विचारा आणि एजंटशी झालेले चॅट व पैसे भरल्याचे पुरावे सोबत ठेवा.