आर्किटेक्चरच्या थिसिसला कॅम्पस घेऊ की शहरातली बिल्डिंग?

ज्युनिअरने काल रात्री १ वाजता मेसेज टाकला, दादा शेवटच्या वर्षाच्या डिझाइन प्रोजेक्टला काय घेऊ. मी कॅम्पस केला, रूममेटने पेठेतली मिक्स्ड यूज बिल्डिंग (खाली दुकानं, वर घरं टाइप), त्यामुळे दोन्हीकडचे हाल माहितीयेत.

साइट बघ आधी. कॅम्पसला उतार, झाडं, पाणी कुठून वाहतं एवढं पकडलं की सुटतो, पण पेठेत अरुंद प्लॉट, दोन्ही बाजूला भिंतीला भिंत, म्हणजे उजेड-वारा फक्त पुढून, मागून नाहीतर बिल्डिंगच्या आतल्या मोकळ्या चौकातून, आणि वरून पार्किंग बसवताना डोकं आउट. नियमांचं पण तेच, पुण्यात यूडीसीपीआर आणि मुंबईत डीसीपीआर २०३४ ही बांधकामाची नियमावली, त्यातलं साइड मार्जिन (बाजूला सोडायची जागा), एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम चालतं), जिन्याची रुंदी सगळं जुरी म्हणजे परीक्षक विचारतात. कॅम्पसला एवढं कुणी खोदत नाही.

ड्रॉइंगच्या शीट्स मात्र कॅम्पसला जीव खातात. हॉस्टेल, लायब्ररी, मेस, प्रत्येकाचे प्लॅन-सेक्शन (वरून आणि उभं कापून दाखवलेली ड्रॉइंग) वेगळे, आणि शेवटी कुठलीच बिल्डिंग धड डिटेल होत नाही (माझं हेच झालं). मॉडेल १:५०० चं, म्हणजे खऱ्याच्या पाचशेपट लहान, लांबून काड्यापेट्या दिसतात.

केस स्टडी आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांच्याच दोन बघ, कॅम्पससाठी पुण्याची खगोलशास्त्राची संस्था आयुका आणि शहरातल्या बिल्डिंगसाठी मुंबईचा कांचनजंगा हा फ्लॅट्सचा टॉवर. एकात कुंडाभोवती सगळं जमवलंय, दुसऱ्यात दुमजली उंचीच्या व्हरांड्यांनी ऊन-पाऊस अडवलाय.

लँडस्केप, मास्टर प्लॅनची आवड असेल आणि मदतीला दोन-तीन ज्युनिअर असतील तर कॅम्पस घे. एकटा असशील, वर्किंग ड्रॉइंगचा (साइटवर बांधायला लागणारी डिटेल ड्रॉइंग) जॉब हवा असेल तर सरळ शहरातली बिल्डिंग.